लायपो किती अँपिअरला चार्ज करायची? नवीन लोकांसाठी

ड्रोन किंवा रिमोटच्या विमानाच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर मोठ्या अक्षरात ३५सी, ५०सी लिहिलेलं असतं ना, त्याचा चार्जिंगशी काही संबंध नाही. तो डिस्चार्जचा आकडा आहे, म्हणजे उडवताना बॅटरी किती करंट देऊ शकते तो. नवीन पोरं तोच बघून चार्जर वाढवतात म्हणून आधी हे सांगतोय.

चार्जिंगसाठी एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बघायचं आणि १००० ने भागायचं. २२०० एमएएच असेल तर २.२ अँपिअर, ८५० असेल तर ०.८५, म्हणजे ०.८ ठेवा. यालाच १सी म्हणतात. काही पॅकवर मागे बारीक अक्षरात ३सी किंवा ५सी चार्ज चालेल असं लिहिलेलं असतं, पण मी तरी घाई नसेल तर १सी च्या वर जाऊ नका म्हणेन, कारण ४.२ व्होल्टला सेल पोचला की चार्जर स्वतःच करंट कमी कमी करत नेतो, त्यामुळे अँपिअर डबल केले तरी वेळ काही अर्धा होत नाही, बॅटरी मात्र गरम होते आणि लवकर म्हातारी होते.

थंडीत तर जास्तच सांभाळा. गार सेलमध्ये लिथियम आत शिरायला वेळ लागतो, जोरात करंट ढकलला की ते आत न जाता वरच धातूसारखं साचतं आणि तो डॅमेज परत भरून निघत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास जातो, कधी त्याच्याही खाली, रात्रभर गाडीत राहिलेली बॅटरी सकाळी लगेच चार्जरला लावायची नाही, आधी घरात आणून रूम टेंपरेचरला येऊ द्या. एप्रिल-मे मध्ये उलटं, उडवून आणलेली गरम बॅटरी पूर्ण गार झाल्यावरच लावा.

बॅटरी जुनी असेल, एखादा सेल मागे राहत असेल तर ०.५सी ला करा. फुगलेली असेल तर कुठल्याच रेटला नको, सरळ बाद.

चार्जरवर टाईप लायपोच आहे ना आणि सेलची संख्या बरोबर आहे ना ते दर वेळी बघा, ३एस म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल, ११.१ व्होल्ट, फुल झाल्यावर १२.६. बॅलन्सची छोटी वायर (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून असते ती) लावायलाच पाहिजे. ६एस ५००० ला ५ अँपिअरने करायला साधारण १२६ वॅट लागतात, ५० वॅटचा चार्जर तिथे २ अँपिअरच्या आसपासच देणार, वेळ लागेल पण त्यात बॅटरीचं नुकसान काही नाही.

निकेल मेटल हायड्राइड या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीचं गणित मात्र वेगळं आहे. स्मार्ट चार्जर बॅटरी भरल्यावर व्होल्टेज किंचित पडतं ते पकडून थांबतो, आणि करंट फार कमी ठेवला तर ती घट त्याला दिसतच नाही आणि ओव्हरचार्ज होतं, म्हणून तिथे ०.५ ते १सी ठेवा. साधा अडॅप्टर असेल तर ०.१सी, म्हणजे २००० ला २०० मिलीअँपिअर, १४ ते १६ तास, आणि मग हाताने काढायची.

लायपो चार्ज करताना फरशीवर ठेवा, गादी-पडद्यापासून लांब, आणि लावून झोपू नका किंवा बाहेर जाऊ नका. दोनचार दिवस उडवणार नसाल तर स्टोरेज मोडवर ३.८ व्होल्ट पर सेलला आणून ठेवा.