केप ट्रिब्युलेशनला जाण्यापूर्वी
ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात केप ट्रिब्युलेशन येथे डेन्ट्रीचे घनदाट वर्षावन थेट वाळूपर्यंत उतरते आणि समोरच्या समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ पसरलेली आहे. मात्र पाणी कितीही शांत दिसले, तरी साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात तेथे बॉक्स जेलीफिशचा जीवघेणा धोका असतो, म्हणून शक्यतो जून ते ऑक्टोबर हाच काळ निवडावा. इतर महिन्यांत जाणे झालेच, तर अंगभर घट्ट बसणारा स्टिंगर सूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली असते. ती कोठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. दंश झाल्यास ती जागा अजिबात न चोळता त्यावर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओतावे आणि ००० या क्रमांकावर मदत मागवावी. मगरींमुळे खाडीच्या काठापासून किमान ५ मीटर दूर राहावे. जंगलात कॅसोवरी हा मोठा पक्षी समोर आला, तर न पळता पाठीवरची पिशवी पुढे धरून सावकाश मागे सरकावे. त्याला फळाची फोडसुद्धा देऊ नये, कारण माणसाच्या हातच्या खाण्याला चटावलेला पक्षी रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो.