मापाचे लेदर जॅकेट आणि त्याचे अस्तर : या चुका टाळा

मुंबईत मापाचे लेदर जॅकेट शिवून घ्यायचे म्हटले की बहुतेकांची पावले धारावीतील चामड्याच्या दुकानांकडे वळतात. तेथे गिऱ्हाईक चामडे चाचपण्यात, रंग उन्हात नेऊन पाहण्यात आणि घासाघीस करण्यात बराच वेळ घालवते. अस्तराचा विषय निघाला की मात्र ‘काळे लावा’ एवढे सांगून मोकळे होते. पुढे येणाऱ्या तक्रारी, म्हणजे काखेत उसवणे, हात बाहेर काढताना बाही उलटी होणे किंवा घामाने आतून चिकटणे, या अस्तराच्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक क्रमाची आहे. आधी माप दिले जाते आणि अस्तर नंतर, कधीकधी कटिंग झाल्यावर, ठरते. रजईसारखे शिवलेले, आत कापूस किंवा फायबर भरलेले अस्तर अर्धा सेंटिमीटर जाड असेल, तर छातीच्या घेरातील सुमारे ३ सेंटिमीटर जागा ते एकटेच खाते. पातळ साटिनच्या हिशेबाने घेतलेल्या मापावर असे अस्तर लावले की चेन लागते, पण श्वास घेता येत नाही. कापडी कोटाला निदान माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडून ठेवता येते आणि पुढे तो थोडा सैल करता येतो. चामड्यात सुईने पडलेले भोक बुजत नसल्यामुळे जुनी शिलाई उसवून जॅकेट मोठे केल्यास भोकांची रांग बाहेर उघडी पडते. जॅकेट कोठे, कोणत्या हवेत आणि कशावर घालायचे हे आधी ठरवावे, त्यावरून अस्तर निवडावे आणि त्यानंतरच, आत जे घालणार आहोत तेच कपडे अंगावर ठेवून, माप द्यावे.

अस्तराचे कापड निवडताना दर आणि चकाकी यांपलीकडे पाहिले जात नाही. पॉलिएस्टर टफेटा, म्हणजे साध्या घट्ट विणीचे गुळगुळीत कापड, स्वस्त आणि चिवट असतो, पण घाम टिपत नाही. मुंबईच्या दमट हवेत तो पाठीला चिकटतो. व्हिस्कोज (रेयॉन) घाम टिपते आणि अंगाला सुखद लागते, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद बरीच घटते. त्यामुळे घेतलेच तर विरविरीत न घेता ट्विल विणीचे, म्हणजे तिरप्या रेघांचे, अंगाने भरीव असे घ्यावे. सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनणारे क्यूप्रो माझ्या मते या सर्वांत उत्तम. ते महाग आहे आणि प्रत्येक दुकानात मिळत नाही. निव्वळ सुती अस्तर धडाला चालते, पण बाहीत ते शर्टाला अडते, म्हणून धडाला सुती आणि बाहीला साटिन किंवा ट्विल अशी जोडणी मागावी. कारागिरांना ती नवीन नसते. मागितली नाही तर ते आपणहून करत नाहीत, इतकेच. रजईचे अस्तर युरोपात शिकायला निघालेल्या मुलामुलींनी जरूर घ्यावे. मुंबईत राहणाऱ्याने ते केवळ रुबाबासाठी घेऊ नये.

कापड चांगले असूनही अस्तर फाटते, तेव्हा दोष बहुधा कटिंगचा असतो. चामडे वापराने थोडे ताणते, विणलेले अस्तर तसे ताणत नाही. त्यामुळे पाठीच्या मध्यावर अस्तराला उभी चुणी आणि खालच्या कडेशी थोडी ढिलाई ठेवावी लागते. चुणी नसेल तर मोटारसायकलचे हँडल धरताच सगळा ताण मुंढ्यावर, म्हणजे बाहीच्या जोडावर, येतो आणि शिलाई तेथेच जाते. ढिलाई ठेवली पण कडेशी नीट दुमडली नाही, तर अस्तर खालून डोकावते. हात काढताना बाही उलटून येत असेल, तर काखेत अस्तर चामड्याच्या मायेला टाक्यांनी बांधलेले नाही असे समजावे. हे दोष अस्तर उघडून दुरुस्त होतात, चामड्याला हात लावावा लागत नाही. म्हणून दुकानदाराचे ‘आता काही होणार नाही’ हे उत्तर मान्य करू नये.

चामड्याबाबत थोडक्यात. मेंढीचे मऊ पण नाजूक, बकरीचे हलके आणि त्या मानाने चिवट, म्हशीचे जाड आणि ठसठशीत दाण्याचे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. तेव्हा कोणी ‘गायीचे’ म्हणून दाखवले, तर माल कोठून आला हे विचारावे. कापलेली कड पाहावी : आत विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा थर दिलेले नकली चामडे) आहे, आणि दमट हवेत त्याचे पापुद्रे निघतात. स्वेड, म्हणजे मखमलीसारखी लव असलेले चामडे, घेतल्यास त्याची लवदार बाजू कॉलरपाशी शर्टाला लागणार नाही असे पाहावे, कारण तिचा रंग उतरतो.

आतले खिसे कटिंगपूर्वीच सांगावेत, आणि त्यांच्या तोंडाला चामड्याची पट्टी मागावी. नुसत्या अस्तरात कापलेला खिसा मोबाइलच्या वजनाने लोंबतो. शक्य असेल तर चामडे कापण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून घालून पाहावा. त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्यावेत.

जॅकेट ताब्यात घेताना आरशासमोर उभे राहून भागत नाही. चेन लावून खुर्चीवर बसावे, दोन्ही हात पुढे ताणावेत, मग जॅकेट उलटे करून काख, मनगट आणि खिशांचे कोपरे उजेडात तपासावेत. उरलेल्या अस्तराचा अर्धा मीटर तुकडा मागून घ्यावा. चामडे वर्षानुवर्षे टिकते, अस्तर त्याच्या आधी झिजते, आणि त्याच रंगाचे कापड पुढे मिळेलच असे नाही.