लिंबाची जागा मोरीपाशी नाही

रोहिणीचा पाऊस झाला की परड्यात काहीतरी लावायचं मनात येतं. लिंबाचं रोप आणलं की त्याला हमखास न्हाणीच्या मोरीजवळची जागा मिळते. वेगळं पाणी घालायला नको, हा हिशोब. लिंबाला तो मानवत नाही. मोरीचं पाणी केळीला द्या, अळूला द्या. लिंबाची मुळं सतत ओलीत राहिली की कुजतात, बुंध्याची साल तडकून डिंक पाझरतो आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. वाळवा, मिरज, पलूस भागातल्या भारी काळ्या रानात हे लवकर दिसतं.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल घ्या आणि पावसाआधीच त्यात दोन घागरी पाणी ओतून बघा. सकाळपर्यंत पाणी तसंच असेल तर तिथं खड्ड्यात लावूच नका; पोयटा, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून दीड फुटाचा उंचवटा करा आणि त्यावर रोप लावा. माण, खटाव, आटपाडीकडच्या मुरमाड जमिनीत ही कटकट नाही, तिथं उन्हाळ्यात पाणी पुरवणं एवढंच काम. पाटण-जावळीकडं निचरा होतो, पण पावसाच्या झडीनं खैऱ्या रोग पसरतो. पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके दिसले की रोगट फांद्या छाटून जाळा आणि १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घेऊन उघडीप बघून फवारा.

कागदी लिंबूच घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती हे वाण घरच्या वापराला चांगलं. कलम असेल तर जोड मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. जोडाखालून फूट आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय त्याची. कोवळी असतानाच हातानं मोडा, नाहीतर खुंट माजतो आणि लिंबू मागं पडतं.

पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही. खोडाभोवती मातीची भर, त्याबाहेर गोल आळं, पाणी त्या आळ्यातच. मोठ्या झाडाला पावसाच्या तोंडावर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करायचं. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत खोड रंगवा.

नव्या पालवीवर पक्ष्यानं शिटल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर जरा निरखून बघा, ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. काडीनं डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार-पाच अळ्या लहान रोप एका आठवड्यात बोडकं करतात. एका झाडासाठी औषध कशाला आणायचं? सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर रुपेरी नागमोडी रेघा मात्र नागअळीच्या. ती पानाच्या आत असते, वेचता येत नाही. त्यासाठी नवी पालवी फुटतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. तिच्या जखमांतूनच खैऱ्या आत शिरतो, म्हणून इथं आळस नको.