'संडे इन द पार्क विथ जॉर्ज' हे म्युझिकल नाटक बघायला जाताय? मग आधी हे करा

तिकीट काढलं की पहिलं काम, फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराचं (नाटकातला जॉर्ज तो हाच) ग्रांद जात्त बेटावरच्या रविवारचं, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं चित्र मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि ठिपके दिसेपर्यंत झूम करा, मग हळूहळू मागे या. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, साधारण २ मीटर उंच, ३ मीटर रुंद, १८८४ ते १८८६ मधलं. हे का, तर नाटकाचा संगीतकार स्टीफन सोंडहाइमने संगीतही तसंच रचलंय, 'कलर अँड लाइट' या गाण्यात जॉर्ज ब्रश टेकवतो तसे सूरही तुटक तुटक ठिपक्यांसारखे येतात आणि तिकडे डॉट, म्हणजे त्याची प्रेयसी आणि मॉडेल, आरशासमोर पावडर लावतेय तीही त्याच लयीत, कान तिथेच ठेवा!

'फिनिशिंग द हॅट'चे शब्द मात्र आधी नक्की वाचून जा. डॉटला बाहेर न्यायचं कबूल करून हा माणूस टोपी रंगवत बसतो, आणि त्याचं वेड, त्याची किंमत सगळं त्या एका गाण्यात आहे, माझ्या मते अख्ख्या नाटकाचा जीव तोच.

इंटरव्हलला उठून जाऊ नका प्लीज. दुसरा अंक एकदम १९८४ मध्ये जातो, स्यूराचा काल्पनिक पणतू, त्याचं लाइटचं मशीन, फंडिंगसाठी पार्टीत हसत फिरणं, बऱ्याच जणांना हा अंक तुटल्यासारखा वाटतो, पण 'मूव्ह ऑन' हे गाणं त्याच्याशिवाय कळतच नाही.

मँडी पॅटिन्किन (जॉर्ज) आणि बर्नाडेट पीटर्स (डॉट) यांच्या मूळ प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे, ते नंतरच बघा, नाहीतर नव्या नटांना सारखं त्यांच्याशी ताडून बघाल. २०१७ च्या जेक जिलेनहॉलवाल्या रिव्हायव्हलचा, म्हणजे नव्याने केलेल्या प्रयोगाचा, अल्बम पण ऐकाच.