साथीच्या काळात या चुका टाळा: काळजी भरपूर, पण भलत्याच जागी

साथ आली की लोकं काळजीच घेत नाहीत असं जे म्हणतात ना ते मला पटत नाही. घेतात, भरपूर घेतात, फक्त जे डोळ्यांना दिसतं त्याचीच घेतात. दाराची कडी पुसतील, आलेलं पार्सल दोन दिवस बाहेर ठेवतील, चपलेच्या तळव्यावर स्प्रे मारतील आणि मग त्याच घरात सगळ्या खिडक्या लावून आठ-दहा जण दोन तास गप्पा मारत बसतील. श्वासातून पसरणारा व्हायरस असेल तर हा सगळा हिशोबच उलटा आहे.

कोविडमध्ये हेच झालं. २०२० च्या सुरुवातीला सगळा जोर हात धुण्यावर आणि टेबलं पुसण्यावर होता, जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून खुलं पत्र लिहिलं की बाबांनो हवेकडे लक्ष द्या, तरी गाडी वळायला बराच वेळ लागला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारण १०,००० मध्ये एकापेक्षा कमी आहे. आणि हवेचं उदाहरण हवं असेल तर मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका गायकमंडळींच्या सरावाला ६१ जण जमले होते, बंद हॉल, अडीच तास गाणं, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती, आणि नंतर त्यातले ५० पेक्षा जास्त जण आजारी पडले.

म्हणजे हात धुवू नका असं नाही हं. प्रत्येक व्हायरसचा रस्ता वेगळा असतो, उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस असेल तर हातच सगळ्यात महत्त्वाचे, आणि तिथे सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबण-पाणीच लागतं. म्हणून कुठलीही साथ आली की पहिला प्रश्न हा विचारा की हा पसरतो कसा. पुढचं सगळं मी श्वासातून पसरणाऱ्या व्हायरसबद्दल लिहितोय.

खिडकी उघडी आहे, पण हवा हलतच नाही

एसी चालू आहे म्हणजे हवा खेळती आहे, हा सगळ्यात मोठा गैरसमज. घरातला साधा स्प्लिट एसी तीच हवा थंड करून परत तुमच्यावर सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. छताचा पंखाही तसाच, खिडक्या बंद असतील तर तो आतलीच हवा ढवळतो. आता खिडकी उघडली तरी एकच उघडली तर फार काही होत नाही, समोरासमोरच्या दोन उघडा किंवा एक खिडकी आणि एक दार, म्हणजे हवेला यायला वाट आणि जायला वाट. खोलीला एकच खिडकी असेल तर टेबल फॅन त्या खिडकीकडे तोंड करून लावा, हो, बाहेरच्या दिशेने, म्हणजे आतली हवा ढकलली जाते. बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवला तरी फरक पडतो. ऑफिस किंवा क्लासमध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र ठेवता आलं तर बेस्ट, बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, खोलीत ८०० च्या वर चढायला लागला की समजा तुम्ही एकमेकांचीच हवा घेताय. हे यंत्र व्हायरस मोजत नाही, आणि एअर प्युरिफायर लावला तर व्हायरस गाळला जाईल पण यंत्रावरचा आकडा उतरणार नाही, तेव्हा घाबरू नका.

आणि सहा फुटांचं अंतर पाळलं म्हणजे झालं असं नाही. बंद खोलीत बारीक कण तासन्‌तास तरंगतात, सिगारेटचा धूर जसा खोलीभर होतो तसंच आहे हे, कोपऱ्यात बसलेल्यालाही वास येतोच ना.

मास्कच्या तक्रारी

चष्म्यावर वाफ येते? मग तुमचा मास्क वरून गळतोय. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, त्याने मध्ये खाच पडते आणि दोन्ही बाजूंना फट राहते, दोन्ही हातांची बोटं मध्यावर ठेवून बाहेरच्या दिशेने दाबत न्या. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांवर किंवा गालांवर हवा लागली तर अजून बसलेला नाही. दाढी असेल तर कितीही भारी एन-९५ आणला तरी कडेने हवा जाणारच.

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे किमान ९५ टक्के कण गाळणारा, पण हे मास्कमधून जाणाऱ्या हवेबद्दल आहे, कडेच्या फटीतून जाणाऱ्या हवेबद्दल नाही. म्हणून चेहऱ्यावर नीट बसणारा साधा मास्क आणि ढिला लोंबणारा महागडा मास्क यातला कुठला, असं विचाराल तर मी बसणारा घेईन. व्हॉल्व्हवाला मास्क तुम्हाला वाचवतो पण तुमचा सोडलेला श्वास बराचसा न गाळता बाहेर जातो, तुम्हीच आजारी असाल तर तो घालू नका. एन-९५ धुवू नका, सॅनिटायझर मारू नका, त्यातला विजेचा भार जातो आणि त्याच भारावर तो बारीक कण पकडत असतो. नुसती फेस शील्ड म्हणजे छत्रीशिवाय फक्त टोपी घालून पावसात जाणं. आणि बोलताना मास्क खाली ओढणारे, त्यांना काय सांगायचं, नुसत्या श्वासापेक्षा बोलतानाच तर जास्त कण उडतात.

साफसफाईचा अतिरेक

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के पाहिजे, लेबल वाचा. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर तो नीट चालत नाही, तिथे साबण, निदान २० सेकंद. लावून लगेच पुसून टाकू नका, हातावर वाळू द्या, आणि वाळायच्या आत गॅस किंवा काडेपेटीजवळ जाऊ नका.

माणसांवर जंतुनाशक फवारणं, ते फवाऱ्यांचे बोगदे वगैरे, जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलंय की करू नका, डोळ्यांना आणि फुफ्फुसांना त्रास होतो आणि आत शिरलेल्या व्हायरसला काहीही होत नाही. ब्लीच तर अजिबात कशात मिसळू नका. टॉयलेट क्लीनरमधल्या ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन, दोन्ही विषारी. चुकून झालंच तर पुसत बसू नका, खोलीतून बाहेर पडा. साथीत व्हायरसने नाही तर बाथरूम साफ करताना दवाखान्यात जावं लागणं हा काय प्रकार आहे.

टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून मोकळे

संपर्क आला की त्याच संध्याकाळी टेस्ट करतात, निगेटिव्ह येते आणि मग आजी-आजोबांना भेटायला निघतात! शरीरात व्हायरस वाढायला वेळ लागतो, घरी करायची रॅपिड टेस्ट तर व्हायरस बऱ्यापैकी वाढला की मगच पकडते. निगेटिव्ह आली पण लक्षणं आहेत, तर ४८ तासांनी परत करा आणि तोपर्यंत स्वतःला पॉझिटिव्हच समजा.

रेष अगदी फिकट आलीये? दिलेल्या वेळेत आली असेल तर पॉझिटिव्ह, गडद-फिकट बघू नका. पण किट टेबलावर विसरलात आणि दोन तासांनी रेष दिसली तर ती धरू नका, नवीन किट घ्या. कंट्रोलची रेषच (किट नीट चाललं हे दाखवणारी) आली नाही तर टेस्ट बाद. किट फ्रिजमध्ये असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

ताप नाही म्हणून सुरक्षित, हेही तसंच. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस व्हायरस पसरवत होता, दारावरची थर्मामीटरची बंदूक त्याला कशी पकडणार.

घरात आजारी माणूस असेल तर

वेगळी खोली देतात पण ती पूर्ण बंद करतात, खिडकीसकट. उलट करा, खिडकी उघडी आणि घराकडचं दार बंद. जेवण ठेवायला जाताना दोघांनीही मास्क लावा, जास्त वेळ रेंगाळू नका. आणि सेवा करायला एकच माणूस ठरवा, शक्यतो तरुण आणि बाकी काही आजार नसलेला.

ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आकडा उड्या मारतोय म्हणून अर्ध्या रात्री घर डोक्यावर घेतात. हात गार आहेत का बघा, नेलपॉलिश काढा, पाच मिनिटं शांत बसवा, हात न हलवता आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, मग दुसऱ्या बोटाला लावा. एवढं करूनही सतत ९४ च्या खाली असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. आणखी एक, सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे ९५-९६ दिसतोय पण माणसाला धाप लागतेय, ओठ निळसर पडलेत, छातीत दुखतंय किंवा तो गोंधळल्यासारखा बोलतोय, तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

औषधांचं तर विचारूच नका. अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही, "कशाला रिस्क, घेऊन टाकू" म्हणून घ्यायची गोष्ट नाही ती. स्टेरॉइडचं प्रकरण याहून वाईट. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कोविडच्या ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. लोकांनी अर्धीच बातमी वाचली आणि घरी पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या, त्यात डायबेटिस असेल तर साखर कुठल्या कुठे जाते. पॅरासिटामॉलसोबत सर्दीची वेगळी गोळी घेताय? तिच्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, पाकिटावर बघा, मोठ्या माणसाला सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायला नको, लिव्हर आधीच नाजूक असेल तर त्याहून कमी आणि ते डॉक्टर सांगतील. वाफेने नाक मोकळं वाटतं, ठीक आहे, पण व्हायरस मरत नाही आणि लहान मुलं त्या गरम पाण्याने भाजतात.

लस घेतली की दुसऱ्या दिवसापासून मोकाट फिरणाऱ्यांसाठी एवढंच, शरीराला तयारीला साधारण दोन आठवडे लागतात. आणि बरं वाटायला लागलं, ताप गेला, म्हणून लगेच मास्क काढू नका, ताप उतरल्यावरही काही दिवस व्हायरस बाहेर पडत असतो, नेमके किती ते त्या त्या साथीत आरोग्य खातं सांगतं, आणि ते आकडे मध्येच बदलतात तेव्हा मागच्या लाटेतला फॉरवर्ड नका वापरू, त्या दिवशीची सूचना बघा.