जुन्या घरात चांदीचे रुपये सापडले तर आधी हे करा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जुनी घरं पाडताना भिंतीतली देवळी, माळ्यावरची ट्रंक किंवा उतरंडीतलं एखादं मडकं उघडलं की नाण्यांचं गाठोडं निघतं. पहिली गोष्ट म्हणजे हात आवरा. चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका. चकचकीत घासलेल्या नाण्याला संग्राहक किंमत देत नाहीत, मग उरतो फक्त चांदीचा भाव. काळपटपणा राहू द्या.

सराफाकडे जाण्याआधी घरीच:

१. गाठोडं हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा.
२. रुपयाला लोहचुंबक लावा. चांदी चिकटत नाही. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चिकटतो.
३. छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरतो. वजनात मोठा फरक असेल तर बनावट समजून वेगळा ठेवा.
४. सालाप्रमाणे ढीग लावा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याआधीच्यात सुमारे ९२ टक्के. १९३९ चा रुपया तर फारच दुर्मिळ! तो दिसला की वेगळा काढा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.
५. प्रत्येक नाणं कोऱ्या कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.

मात्र पाया खणताना किंवा शेतात नांगराला हंडा लागला, तर तो वाटून घेऊ नका. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची माहिती डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) देणं कायद्याने बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा होऊ शकते.