घरकाम करणाऱ्या मावशींशी कामाच्या अटी कशा ठरवाव्यात

धुणीभांडी, केरफरशी आणि पोळ्या मावशींवर सोपवल्यामुळेच मध्यमवर्गीय घरातील बाई आठची लोकल पकडू शकते. मात्र पगाराची बोलणी करताना नेमका हाच हिशेब विसरला जातो. (घरातील पुरुष त्या बोलण्यांत सहसा नसतातच.)

प्रथम कामांची यादी करून प्रत्येक कामाचे पैसे ठरवावेत आणि पाहुण्यांमुळे वाढलेल्या भांड्यांचे वेगळे द्यावेत. सुट्टीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेतील नोकरदार स्त्रीला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, तर तिच्याच घरी येणाऱ्या मावशींनी मूल तापाने फणफणले म्हणून घेतलेला एक दिवसही ओट्याजवळच्या कॅलेंडरवर ‘खाडा’ म्हणून फुली मारून नोंदवला जातो. म्हणून महिन्याला किमान चार भरपगारी सुट्ट्या, वार्षिक वाढ आणि दिवाळीचा एक पगार कागदावर लिहून, दोघींच्या सह्या करून, एक प्रत त्यांना द्यावी. चहाचा कप वेगळा ठेवू नये. शौचालय वापरू द्यावे.

२००८ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे १८ ते ६० वयातील कामगारांची नोंदणी होते. त्यासाठी कामाचा दाखला देताना अनेक मालकिणी का-कू करतात, तो आपणहून द्यावा. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते, हेही त्यांना सांगावे.